बदाम बिस्किटांच्या बरणीसमोरचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना क्यूआर कोड आहे. तळहाताएवढा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. एका बेकरीच्या दुकानात बदाम बिस्किटांच्या बरणीसमोर मी उभा असतो. माझा एक कोपरा खरवडला गेला आहे, पण मोबाईल समोर धरलात तर मी अजूनही उघडतो.

गल्ल्यापाशी असतात ते पैसे घेणारे कोड. त्यांचा थाट वेगळा. माझं काम माहिती सांगण्याचं.

मला बनवलं मालकांच्या सुनेने. बरणीतल्या सुट्या बिस्किटांना वेष्टन नसतं, त्यामुळे "यात काय काय घातलंय?" असं गिऱ्हाईक दिवसभर विचारत असे. म्हणून तिने भट्टीवाल्या काकांचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. तीस वर्षं भट्टीच्या धगीत उभे राहिलेले काका, पण कॅमेरा पाहून त्यांना दरदरून घाम फुटला.

"मी काय नट आहे का गं?"

"काका, माझ्याकडे बघूच नका. पिठाकडे बघा आणि रोज करता तेच करा."

काकांनी पिठाकडे बघत सांगितलं, "मैदा, लोणी, साखर, बदाम. बास. दुसरं काही नाही."

तो व्हिडिओ सुनेने माझ्याशी जोडला. मग मला जाड प्लॅस्टिकवर छापून आणलं आणि बरणीसमोर उभं केलं.

सुरुवातीला माझे खूप लाड झाले. लोक मोबाईलवर काकांना बघत, मग मान वर करून काचेपलीकडच्या खऱ्या काकांना बघत आणि हसत. काकाही पिठाचा हात हलवत. बरणी दुपारपर्यंत तळाला जाई. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत आणि म्हणत, "आमच्या सूनबाईचं डोकं!"

त्याच दिवसांत एक आई आणि तिची सात वर्षांची मुलगी येऊ लागल्या. मुलीचे पुढचे दोन दात पडले होते. तिला शेंगदाणे अजिबात चालत नसत. एक दाणा पोटात गेला तरी तिचा श्वास अडकत असे. म्हणून आईने तिला नियम घालून दिला होता, की आधी विचारायचं, मग खायचं. मुलगी टाचा उंचावून आईचा मोबाईल माझ्यासमोर धरी, काकांबरोबर "मैदा, लोणी, साखर, बदाम, बास" म्हणे आणि मगच बिस्कीट घेई. मी कुणाच्या इतका उपयोगी पडतो याचा मला फार अभिमान वाटे.

पुढे मालकांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुकान काढलं आणि सून तिकडे गेली. माझ्यावर धूळ बसू लागली. कुणीतरी सवलतीची चिठ्ठी माझ्या कोपऱ्यावर चिकटवली आणि नंतर नखाने खरवडून काढली. त्याचं मला एवढं वाटलं नाही.

खरी गोष्ट पुढेच घडली. एकदा बदाम खराब निघाले. काकांनी त्या दिवशी निम्म्या बदामांऐवजी शेंगदाण्याचं कूट घातलं. बिस्किटं जास्त खुसखुशीत झाली, लोकांना आवडली आणि तीच पद्धत पडली. काकांनी मालकांना आठवणीने सांगितलं, "तो व्हिडिओ बदलायला लागेल हं."

"सांगतो सूनबाईला," मालक म्हणाले. आणि विसरले. काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

आठवड्याने त्या दोघी आल्या. मुलीने मोबाईल धरला. मी उघडलो. जुने काका म्हणाले, "दुसरं काही नाही." मला ठाऊक होतं की हे आता खरं नाही. पण माझ्याशी जोडलेलं असतं तेवढंच मी दाखवू शकतो.

मुलीने दुकानातच एक घास घेतला. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले आणि ती गळा धरून खाली बसली.

"यात शेंगदाणे आहेत?" आई किंचाळली.

काका भट्टीकडून धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आहेत, ताई. आहेत."

आईने पर्समधलं औषधाचं इंजेक्शन मुलीच्या मांडीत टोचलं. मालकांनी दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी फोन आला, की मुलगी आता बरी आहे. तोवर काका पिठाच्या पोत्यावर नुसते बसून होते. त्या दिवशी भट्टी पुन्हा पेटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मालक संतापून म्हणाले, "तो बोर्ड आधी फेकून द्या!"

सूनही तिकडून तातडीने आली होती. काका मध्ये पडले, "त्याला कशाला फेकता? तो बिचारा आपण शिकवलं तेच बोलला. चुकलो आपण. मी तर सगळ्यात आधी."

 त्याच दुपारी मालक मुलीच्या घरी गेले आणि तिच्या आईची माफी मागून आले.

तेव्हापासून दर सोमवारी, भट्टी पेटवण्याआधी, काका स्वतः नवा व्हिडिओ काढतात. पहिल्यांदा तारीख सांगतात, मग एकेक जिन्नस हातात धरून दाखवतात. आता त्यांना घाम फुटत नाही. बदाम बिस्किटांत पुन्हा बदामच असतात आणि शेंगदाण्याची बिस्किटं वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यांत होतात.

मित्रांनो, माझ्यासारखे चौकोन तुम्हाला दुकानोदुकानी भेटतील. आमच्यावरची धूळ पुसलीत तर आनंदच आहे. पण आमच्या मागची माहिती शिळी झाली, तर ते आम्हाला कळूनही सांगता येत नाही. ती ताजी ठेवा आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर माणसालाही विचारा.

चार महिन्यांनी एका सोमवारी ती मुलगी आईचा हात घट्ट धरून दुकानात आली. तिने माझ्यासमोर मोबाईल धरला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग ती काचेपाशी गेली आणि तिने काचेवर टकटक केलं.

"काका, हे आजचं आहे ना?"

काका हात पुसत बाहेर आले आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "आज सकाळचं आहे, बाळा. पण तू विचारलंस ते फार बरं केलंस. रोज विचार."