आनंदरावांनी नापास केलेले क्लास

आनंदरावांनी क्लास नापास करायचा सपाटाच लावला होता. परीक्षा द्यायची होती त्यांच्या मुलीला, दीप्तीला. इंग्लंडात नर्स म्हणून काम करायचं तर तिथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिची तयारी करून देणारे क्लास नागपुरात पानठेल्यांइतके झालेत. पण दीप्तीनं पुस्तक उघडायच्या आधीच बापानं लाल पेन उघडलं होतं.

माणूस एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. जन्मभर बसखाली शिरून खोट काढली, आता क्लासची काढत होता. सदर भागातल्या पहिल्या क्लासला काचेचा दरवाजा होता, आत पुठ्ठ्याची लाल डबलडेकर होती आणि दुर्गेश सर नावाचे एक गोडबोले गृहस्थ होते. "अंकल, मॅडमचं सिलेक्शन झालंच समजा," ते कॉफी पुढं करत म्हणाले.

"तुम्ही कधी गेले होते तिकडं?" आनंदरावांनी विचारलं. सरांनी पुठ्ठ्याच्या बसकडं बोट दाखवलं. नापास.

दुसरा क्लास मोबाइलवर चालायचा. "फोनवर कोणी सुई टोचाले शिकते का वं?" नापास. तिसऱ्या ठिकाणी सरावाच्या पुतळ्याला एकच पाय होता, दुसरा म्हणे दुरुस्तीला गेला होता. "पेशंटचाच पाय सापडत नाही, तर हे परीक्षा काय काढतीन!" तोही नापास.

सुरुवातीला दीप्तीला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. तिकडं जायला आधी लागणारी इंग्रजीची परीक्षा तिनं दोनदा आपटून तिसऱ्यांदा कशीबशी काढली होती आणि त्या निकालाची मुदत हिवाळ्यात संपणार होती. त्याआधी ही नर्सिंगची परीक्षा निघाली नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आयसीयूतल्या ड्यूट्या करून परत इंग्रजीशी कुस्ती खेळायचं बळ आपल्यात नाही, हे ती पक्कं ओळखून होती. आता राहिलं तर कायमचंच राहिलं.

"बाबा, तुम्ही क्लास पाहून राहिले का जावई?" ती एकदा भडकली.

"घाई केली का गाडी घाटात बसते," आनंदराव म्हणाले आणि पेपरात तोंड घालून मोकळे झाले.

चौथा क्लास सक्करदऱ्यात, साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. चालवणाऱ्या कुसुमावती मॅडम बरीच वर्षं तिकडं वॉर्ड सांभाळून परत आलेल्या. कॉफी नाही, बस नाही. एक खाट, पाचसहा मुली, आणि मॅडमचा आवाज असा की बरा न झालेला पेशंटही घाबरून आपणहून घरी जावा.

"पुतळा कोठी आहे?" आनंदरावांनी तपासणी सुरू केली.

"नाही आहे. तुम्ही झोपा, काका. चपला काढा."

आनंदराव मुकाट्यानं झोपले. दीप्तीनं बापाला इतकं आज्ञाधारक कधी पाहिलं नव्हतं.

"चल वं, तुझा नंबर," मॅडम म्हणाल्या. "नवा पेशंट आला. विचारपूस कर. मराठीतच कर. जिले मराठीत विचारता येत नाही, ते इंग्रजीत काय दिवे लावंल?"

दीप्तीनं झोकात हात धुतले, खाटेपाशी आली आणि वॉर्डात रोज विचारते तेच विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

खाटेवरून आनंदरावांनी हात वर केला. "मीच."

खोलीभर हशा पिकला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "नापास! पेशंट जिताजागता समोर पडला आहे, अन् आपण त्याच्या साळ्याले विचारतो का याले भूक लागते का! तिकडं असं केलं का मार्क गेले. त्याले तोंड आहे न? त्याले विचार."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पेशंटचं दुखणं सुनेकडून नाहीतर मेव्हण्याकडून ऐकायचं, हीच आपल्याकडची रीत. दीप्ती घरी तरी काय वेगळं करायची? बाबांचं कसं काय चाललंय, हे ती शेजारच्या प्रेमिलाकाकूंना विचारायची. तिला लाज वाटली. ती खुर्ची ओढून बसली.

"काही दुखते का?"

"गुडघा."

"झोप येते?"

"नाही येत." हे तिला माहीतच नव्हतं.

"घरी सोबतीले कोण आहे?"

आनंदराव छताला सांगू लागले. "बायको गेली. मुलगी आहे. ते तिकडं गेली का कोणीच नाही. म्हणून तर तिचे क्लास नापास करून राहिलो."

दीप्तीला आधी संताप आला, चांगला सणसणीत. तिच्या डोळ्यांदेखत महिने वाया घालवले होते ह्या माणसानं. आणि मग रडू आलं. तिनं मॅडमकडं पाहिलं, थांबू का म्हणून.

"काहून थांबली? परीक्षेत पेशंट असा बोलला तर पळून जाशील का? पुढचं विचार."

"बाबा..."

"पेशंटले बाबा म्हणाचं नाही. नाव घे."

बापाचं नाव तिनं आजवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं. "आनंदराव," ती म्हणाली, "एकटं राहाचं भेव वाटते तुम्हाले?"

"वाटते न." ते पहिल्यांदा तिच्याकडं वळले. "पण माझ्यापायी तू इथंच अडकली, तर त्याचं जास्त वाटते. तुले सांगाचं होतं. तू विचारलंच नाही कधी."

दीप्तीनं नाक पुसलं. "मग मी जाऊ?"

"हा प्रश्न परीक्षेत नसते," मॅडम म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

"जा," पेशंट म्हणाला. "अन् इथंच नाव टाक. खोटं बोलूबोलू थकलो मी."