लातूर ते बिलोली, बिनगिअरची

मी शिवकांताची सायकल बोलतेय. काळी, जड, बिनगिअरची. कॅरिअर दोनदा वेल्डिंग केलेलं आहे आणि घंटी मनात आलं तरच वाजते. पण चालते. ज्याला शंका असेल त्यानं पुढचं ऐकावं.

शिवकांता लातूरच्या डाळमिलमध्ये तूर निवडते. सोळा वर्षं रोजचे बावीस किलोमीटर आम्ही दोघी तुडवतोय. यंदा तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, स्कूटर आणली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हे गाडं भंगारात घालू."

"मे महिन्यात लातूर ते बिलोली सायकलफेरी हाय," शिवकांता म्हणाली. "दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वेळेत पोचले तर हिला हात लावायचा न्हाई."

"आन् न्हाई पोचलीस तर?"

"तर न्या भंगारात."

माझ्या जिवावर पैज लावताना तिनं मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

दुरुस्तीवाल्या कलीमभाईंनी ब्रेक आवळले. "ताई, हवा जरा कमीच ठेवा. उन्हात ट्यूब फुगते. अन् थांबलात की चाकावर ओलं पोतं टाका," त्यांनी बजावलं.

पहाटे पाचला निघालो. बाकीच्या सायकली सडपातळ, गिअरवाल्या. हेल्मेट घातलेला एक जण हसला, "काकू, दूधवाल्याची सायकल आणली का?" मला असा राग आला! अहमदपूर मागे पडलं, ऊन चढलं, डांबर टायरला चिकटायला लागलं. लोह्याच्या अलीकडे तोच गडी लिंबाखाली डोकं धरून बसलेला दिसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शिवकांतानं मात्र उतरून आपली पाण्याची बाटली त्याला देऊन टाकली.

म्हणून पुढे एका लग्नाच्या मांडवात पाणी मागायला थांबावं लागलं. तिथंच घात झाला. गुणाबाई नावाच्या म्हातारीनं तिचा हातच धरला. "लग्नाच्या दारातून उपाशी जातीस व्हय? दोन घास खा."

दोन घास म्हणून ती पंगतीत बसली. आपल्याकडे पंगतीतून मधेच कुणी उठत नाही. शेवटचा माणूस जेवेपर्यंत सगळे बसून राहतात. शेवटचा माणूस होता बिनदाताचा आजोबा. तो पुरी वरणात भिजवायचा, मग चघळायचा, मग परत बुंदी मागायचा. पोतं अंगावर घेऊन मी बाहेरून बघत होते. शिवकांता रिकाम्या पत्रावळीसमोर मांडी घालून बसली होती. चाळीस मिनिटं गेली, पण ती उठली नाही.

त्यानंतर ती जे पायडल मारत सुटली ते विचारू नका. नांदेडला गोदावरीच्या पुलावर समोरून भट्टीसारखा वारा आला. नायगावच्या पुढे माझी चेन पडली. हात काळे करून तिनं बसवली आणि शिवी हासडली. शिवी मला नव्हती, वाऱ्याला होती.

बिलोलीत पोचलो तेव्हा सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं उशीर. फेरीची नोंद ठेवणाऱ्या वहीवाल्या माणसानं मान हलवली, "ताई, वेळेत पोचलेल्यांत नाव लागत नाही."

"नका लावू," शिवकांता म्हणाली. "दोनशे किलोमीटर झाले का न्हाई, तेवढं सांगा."

"झाले."

"बास."

एसटीनं आधीच येऊन सटवाजी तिथं उभा होता. पैज ती हरली होती, म्हणजे मीच.

"टेम्पोत टाकू आता हिला," तो म्हणाला.

"न्हाई. चालवत आणली, चालवतच नेते. परवा पहाटे निघते. भंगारवाल्याला म्हणावं, लातूरला ये, तिथं बोलू."

सटवाजी तिच्या काळ्या हातांकडे बघत राहिला. मग हापशावर गेला, पोतं भिजवून आणलं आणि माझ्या चाकांवर नीट पांघरलं.

तर लोकहो, मी अजून बिलोलीतच आहे. पैज हरलेय, हे मला मान्य आहे. पण परवा पहाटे कुणाकडे पंप असेल तर हवा भरा. जरा कमीच भरा, दिवसभर ऊन आहे. आणि परतीच्या वाटेवर मांडव दिसला, तर कृपा करून आम्हाला नुसतं पाणी द्या.