टाकीचा तळ

आमचा मुलगा रेहान नोकरीसाठी कतारला गेला आणि त्याची माशांची तीन फुटी काचेची टाकी माझ्या नवऱ्याच्या तावडीत सापडली. त्यांचं नाव कमाल; अठ्ठावीस वर्षं मालवाहू बोटीवर होते. मार्चमध्ये परतले तेव्हा कानाला हात लावून म्हणाले, "आता पुरे झालं, फरीदा." मी खुळी, विश्वास ठेवला. माणूस घरी आला, पण पाय काही घरात टिकेनात. सकाळी जेट्टी, दुपारी गच्ची, आणि खिशातून घडीघडी फोन बाहेर. बोटीवर माणसं पाठवणारा मुंबईचा एजंट अधूनमधून फोन करायचा. "सहज केलान," हे सांगायचे. एजंट नऊ महिन्यांच्या करारासाठी फोन करतो, माझी तब्येत विचारायला नाही, एवढं मला कळतं.

म्हणून मीच म्हटलं, टाकीत झाडं लावा. पाण्यातली झाडं वाढताना बघत तरी बसतील, असा माझा बेत.

झाडं राहिली बाजूला, तळाला काय घालायचं यावरच महिना गेला. आधी भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणली. बारीक, दिसायला झकास. पंधरा दिवसांत पानं पिवळी. मी चमचाभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं, तर ती फसफसली.

"शिंपल्यांचा चुरा हाय त्यात. पाण्यात चुना उतरतोय," मी म्हटलं.

टाकी उपसली. मग कुणाच्या तरी बांधकामावरची खडी आली. तिच्यात मुळं धरेनात, झाडं सुटून वर तरंगायची. टाकी उपसली. मग दुकानातून निळे खडे आणले. निळे! मी विचारलं, यात मासे ठेवायचे की लग्नाचा मंडप घालायचा? हसले, आणि चार दिवसांनी पुन्हा बादली घेऊन उभे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाकी उपसताना हा माणूस शीळ घालत होता. अर्ध्या तासात रिकामं करून निघता येईल तेवढंच त्याला हवं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून माहेरी नाट्याला गेले. परसातल्या आंब्याखालची तांबडी माती खणून घेतली. तिला कधी खत लागलेलं नाही.

"रत्नागिरीत माती संपली काय गो?" भाऊ म्हणाला. "आणि मासे खायचे सोडून पाळायला कधी लागलीस?"

घरी येऊन माती चाळली, नदीची वाळू धुतली.

"खाली इंचभर माती, वर वाळू," ह्यांना सांगितलं. "पण एकदा घातली की टाकी हलवायची नाय. हलवली तर सगळा चिखल." सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी बाह्या वर सारल्या. मग बसले कामाला. तळव्याने माती पसरली, वाळू घातली, वर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं. दोन तासांत एकदाही फोन बघितला नाही. मी खूश होऊन चहा टाकायला गेले.

कप घेऊन आले तर म्हणाले, "हे बघ, पाणी बदलताना नळी इथे धरायची, मातीला लागू द्यायची नाय. खताची कटकट नाय, मातीतच सगळं हाय. तुला एकटीला जमेल."

एकटीला.

"कधी निघायचंय?" मी विचारलं.

"एजंट वीस तारखेला म्हणतोय. मी अजून हो नाय म्हटलं."

"मला नाय शिकायचं!" मी ओरडलेच. "अठ्ठावीस वर्षं एकटीने शिकले. बँक शिकले, छपराची गळती शिकले, रेहानचे ताप काढायला शिकले. ही नळी मी शिकणार नाय!"

तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. ह्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत, एक रोप वाळूत दाबून धरलेलं. मी फोन उचलला. एजंटच.

"त्यांचे हात मातीत हायत," मी म्हटलं. "सहा महिने तरी निघायचे नायत." आणि फोन ठेवून दिला.

आता ओरडतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी रोप सोडलं नाही. बोटांनी मुळांभोवतीची वाळू सारखी करत राहिले.

"सहा नाय गो," वर न बघता म्हणाले. "वर्षभर तरी टाकी हलवायची नसते."