चटईचा कोपरा

इओसेफा सरांनी लाल पेन खाली ठेवलं. फेतूने पुन्हा तेच केलं होतं. एक्स वर्ग गुणिले साइन एक्स. दोघांची विकलजं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, वेगवेगळी काढली आणि सरळ गुणून टाकली. सहाव्यांदा.

"अगं, गुणाकाराचं विकलज म्हणजे विकलजांचा गुणाकार नव्हे. किती वेळा सांगू?"

"अजून एकदा सांगा, सर. उद्या राजधानीत, अपियाला परीक्षा आहे. या खेपेलाही नापास झाले तर जहाजाच्या कॉलेजात घेणार नाहीत. मग आहेच मावशीच्या दुकानात मासळीचे डबे रचणं."

"पहिल्याचं विकलज गुणिले दुसरा, अधिक..." सर मध्येच थांबले. तीस वर्षं हेच बोलून ते थकले होते. पूर्वी असं झालं की आतून त्यांची बायको मासिना ओरडायची, "मास्तर, पोरीला आधी कोको तरी द्या!" तिला जाऊन चार महिने झाले होते.

"पाठ आहे हो ते. पण 'अधिक' आलं कुठून? दोघंही एकदमच बदलतात ना?"

सरांची नजर भिंतीलगतच्या गुंडाळीकडे गेली. मासिनाची अर्धी राहिलेली चटई. तिच्या बहिणीने ती पुरी करायला दोनदा मागितली होती. सरांनी हात लावू दिला नव्हता. ते उठले आणि त्यांनी ती जमिनीवर पसरली. दोन बाजूंना केवड्याच्या पट्ट्या मोकळ्याच होत्या.

"लांबी एक्स वर्ग समज, रुंदी साइन एक्स. ही रुंदीला बोटभर वाढवायची, तर किती विणशील?"

"ही लांब कड, अख्खी."

"आणि लांबीला?"

"ही आडवी कड." फेतूचं बोट कोपऱ्यावर थांबलं. "आणि हा एवढासा तुकडा, दोन्हीकडून वाढलेला."

"तू सहा वेळा तेवढाच मोजलास."

"आणि दोन्ही कडा सोडल्या! अय्या, अशी चटई विणली तर बाबा झोपतील कुठे? पण सर, मग हा कोपरा?"

"वाढ बारीक करत नेलीस की तो हिशेबातच राहत नाही. कडा राहतात. दोन. म्हणून अधिक."

फेतूने लिहिलं: दोन एक्स साइन एक्स, अधिक एक्स वर्ग कॉस एक्स. सरांनी दुसरं गणित घातलं. तेही बरोबर आलं.

"परीक्षा झाली की ही मी विणू, सर?"

सरांनी मोकळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला.

"रुंदीला वाढव," ते म्हणाले. "आडवी कड राहू दे. तिने सोडली तशी."

मग ते कोको करायला आत गेले.