डावा बूट

शोरूममध्ये गाडीवर बसले आणि माझे दोन्ही पाय हवेत लोंबकळले. सेल्समन शहाणा होता, हसला नाही. दीर मात्र खो खो हसला. "वहिनी, सोबत शिडी पण घ्या!"

मी जनावरांची डॉक्टर. माझे निम्मे गोठे दगडगोट्यांच्या वाटेवर आहेत आणि जुन्या बुटक्या गाडीचं पोट प्रत्येक दगडाला घासायचं. म्हणून मला ही उंच गाडीच हवी होती. दिराचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "दोन इंच खाली करून देतो." म्हणजे पुन्हा पोट घासणार! मी बजावलं, "गाडीला हात लावायचा नाही."

पहिल्याच आठवड्यात मी सिग्नलला दोनदा आडवी झाले. नवरा म्हणाला, "हट्ट सोड." मी तडक बूट शिवणाऱ्या काकांकडे गेले आणि दोन इंच जाड तळ लावायला सांगितला.

"दोन्ही बुटांना?"

"फक्त डाव्या. थांबताना तोच पाय टेकते. उजव्याला जाड तळ लावला तर ब्रेकचा अंदाज येणार नाही."

आता मी गोठ्यात बदकासारखी डुलत फिरते. गाई बघत राहतात, पण बोलत नाहीत. दीर बोलतो. काल फाटकापाशी, नवऱ्यासमोर मुद्दाम म्हणाला, "गाडीपायी लंगड्या झालात की हो वहिनी!"

मी गाडीवर टांग टाकली, डावा पाय ठाम टेकवला आणि बटण दाबलं.

"चालताना लंगडते, भाऊजी. म्हणून तर चालत नाही."