आखाजीचा दोर

बाळांनो, जरा डोळे मिटा. शिरपूरमधली एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, माहेरवाशिणी घरी यायला लागलेल्या, आणि काल संध्याकाळच्या वादळाने गल्ली पार विस्कटून टाकलेली. सगळीकडे पत्रे, कौलं, मोडक्या फांद्या. जो तो झाडू घेऊन बाहेर पडला आहे.

गल्ली स्वच्छ झाली खरी, पण कशी? प्रत्येकाने आपल्या दारातला पसारा ढकलत ढकलत माणकचंद नानांच्या कडुनिंबापाशी नेला. दुपारपर्यंत बुंध्याभोवती कमरेएवढा ढीग साचला.

नाना आपल्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून पाहत होते. हिवाळ्यात त्यांची पत्नी चंदनबाई गेली, तेव्हापासून त्यांना ना राग येई, ना रडू. कुणी काही विचारलं की म्हणत, राहू द्या.

समोरच्या घरातला निंबा म्हणाला, "नाना, तुमनं झाड मना घरमा डोकाई ऱ्हायनं."

नाना हसले नाहीत. कडुनिंब कलला आहे, हे त्यांनाही दिसत होतं. पण तो चंदनबाईंनी लावलेला. दर आखाजीला गल्लीतल्या मुलींसाठी त्या त्याच्याच फांदीला झोका बांधायच्या.

त्यांची नात प्रियल माळ्यावरून त्या झोक्याचा दोर घेऊन आली आणि तो बांधायला ढिगावर चढली. तिचा पाय फांद्यांत अडकला. शेजारच्या ज्योत्स्नाताईंनी तो सोडवायला ढीग बाजूला सारला, आणि त्यांचा हात थांबला. बुंध्याजवळची माती फाटली होती. भेगेत अख्खा हात जाईल एवढी फट, आणि आत तुटलेली मुळं. आपणच टाकलेल्या कचऱ्याने ती झाकली होती!

ताईंनी प्रियलला खाली घेतलं. नगरपालिकेला कळवून आजच झाड उतरवायला हवं, असं त्या म्हणाल्या.

"राहू द्या," नाना म्हणाले. "तिचं झाड आहे."

ज्योत्स्नाताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. "नाना, काकूंनी झोका पोरींसाठी बांधला होता. झाडासाठी नाही. उद्या याच्याखाली पोरीच असतील."

नानांनी भेगेकडे पाहिलं. मनात काही हललं नाही. पण ते उठले, निंबाकडून फोन मागून घेतला आणि नगरपालिकेला लावून म्हणाले, "माझ्या दारातलं झाड पडायला आलंय. माणसं पाठवा."

माणसं यायला तासभर लागणार होता.

मुलांनो, आपल्या दारातला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटला, की सफाई होत नाही. धोका फक्त दिसेनासा होतो. आणि ज्या झाडावर आपली माया आहे, ते कुणाच्या डोक्यावर कोसळण्याआधी उतरवणं, हीसुद्धा मायाच.

प्रियलने काय केलं, सांगू? आजीच्या झोक्याचा दोर तिने विजेच्या खांबापासून दुकानाच्या कडीपर्यंत गल्लीत आडवा बांधला. सायकलवरून येणाऱ्या एका मुलाला हात करून थांबवलं आणि म्हणाली, "इकडून नको. मागच्या गल्लीने जा."

मग माणसं येईपर्यंत ती दोराजवळच उभी राहिली.