गोधडीखालची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी हातपेटी. अंगानं सागवानी, पट्ट्यांनी पिवळी आन् स्वभावानं बिलकुल वांड. मास्तरच्या खुर्चीला खाजकुयली लावणारं एखादं पोरगं तुमच्या वर्गात असंल ना, मी त्याच जातीची. आता हसायचं तेवढं हसून घ्या, पुढं हसायला जागा कमी हाये.

जुन्या जालन्यात कचेरीतले कारकून मार्तंडराव यांनी मला घरी आणलं, तवा निजामाचं राज्य होतं. माझं काम दर गुरवारी भजनाला सूर देणं. पण भजन म्हणणारे बद्रीनाथबुवा डोळे मिटून वरच्या सुरात चढले, की माझ्या अंगात खोडी यायची. मधला पंचम एकदा दाबला, की ती पट्टी मी वर उठूच द्यायची न्हाई. बुवा थांबले, टाळ थांबले, तरी मी आपली "पँऽऽऽ" करून राह्यले. भात्यातलं वारं सरस्तोवर!

"मार्तंडराव, ही पेटी हाये का म्हैस?" बुवा करवादायचे.

माजघराच्या दाराआड कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसायचं. ती प्रेमला, मार्तंडरावांची बायको. तिच्या हसण्यासाठी तर मी ती खोडी जास्तच करायची.

त्या काळी घरंदाज बाईनं पेटीला हात लावला तर लोक वाईट बोलायचे. प्रेमला दाराआडून ऐकून ऐकून शिकली. दुपारी मालक कचेरीत, सासरे जगन्नाथपंत देवळात, आन् सासू झुंबरबाई शेजारी वाती वळायला गेल्या, की ती मला ओढायची. माझ्यावर जाड गोधडी टाकायची आन् गोधडीखाली हात घालून, न बघता, बोटानं चाचपत वाजवायची. कुणाला ऐकवायचं न्हाई, कुणाची शाबासकी न्हाई. एकच चाल दहा वेळा चुकायची आन् अकराव्यांदा जमली की एकटीच मान डोलवायची. बुवांच्या भजनापेक्षा मला तीच दुपार आवडायची.

मंग जगन्नाथपंत वारले. घरात वर्षभर वाजवायचं न्हाई, असा रिवाज. मला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठिवलं. प्रेमला कणीक मळता मळता परातीच्या काठावर बोटं नाचवायची आन् एकदम थांबायची.

तीन महिने तिनं दम धरला. मंग एका दुपारी मला सोडलं. गोधडी टाकत हळूच म्हणाली, "ऐकायला कुणी न्हाई, मंग याला वाजवणं कसं म्हणायचं?" मलाबी ते बराबर वाटलं. ती वाजवायला लागली, पण चेहऱ्यावर हसू न्हाई. मी म्हणलं, हिला जरा हसवावं. पंचम आला, आन् मी पट्टी धरून ठिवली.

तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाईंनी दारातून हाक मारली, "प्रेमला, वाटीभर विरजण दे गं!"

प्रेमलानं झटकन हात काढला. मी गप बसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण भात्यात वारं होतं. "पँऽऽऽ..." मलाच मला थांबवता येईना.

"अगं बया! म्हातारा जाऊन तीन महिने झाले, आन् सुनेची पेटी सुरू?" पुष्पाबाई विरजण न घेताच गेल्या.

चौथ्या दिवशी राजूरहून धाकटे दीर श्रीपतराव आले. ते प्रेमलाशी बोललेच न्हाईत.

"दादा, बाबा गेल्याचा सुनेला आनंद झाला, असं म्हणून राह्यले लोक. पेटीचा भाता फाडा. तिच्याच हातानं. न्हाईतर वर्षश्राद्धाला भावकीतलं एक माणूस तुमच्या पंगतीला बसणार न्हाई."

मार्तंडराव खाली बघून म्हणाले, "प्रेमला, विळी आण."

"मी माझ्यापुरतं वाजवलं. गोधडी टाकून वाजवलं."

"आण म्हणलं ना."

विळी काही सुरीसारखी चालवता येत न्हाई. तिला मलाच उचलून पात्यावर दाबावं लागलं. पोटाशी धरून दाबलं तिनं. चामडं टरटर फाटलं. माझा सूर गेला. श्रीपतराव "बराबर" म्हणाले आन् जेवायला पाट मांडायला सांगितलं.

याला सहा वर्षं झाली. भजन दुसऱ्या घरी गेलं. माझ्यावर पिठाचा डबा आला. पण दुपारी प्रेमला डबा खाली ठिवती आन् मला पुढ्यात घेती. आता गोधडी लागत न्हाई. डावा हात फाटका भाता हलवतो, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर फिरतात. टक, टक, टक. चूक झाली की ती परत पहिल्यापासून सुरू करती. चूक तिला कशी कळती, देव जाणे.

झुंबरबाईंनी तवापासून अंथरूण धरलं होतं. एकदा आतून आवाज आला, "काय टकटक करून राह्यली गं?"

प्रेमलानं पट्ट्यांवरून बोटं उचलली. "काय न्हाई, आत्याबाई. ठिवते पेटी."

"ठिवू नको," म्हातारी म्हणाली. "वाजव. डोळा लागून राह्यला माझा."

वाजव म्हणाली, मित्रांनो. मुक्या पेटीला!

म्हातारी गेल्या साली गेली. आता तेवढंबी म्हणणारं कुणी न्हाई. माझ्या भात्याला हातभर चामडं लागतं, आन् मोच्याच्या दारावरून मार्तंडराव रोज कचेरीत जातात. मी आता खोडी काढू म्हणलं तरी काढता येत न्हाई.

पोरांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी मुकी पडली असंल तर तिला शिवून घ्या. आन् घरात कुणी आपल्यापुरतं काही वाजवत असलं, गुणगुणत असलं, तर दाराबाहीर जरा उभं राहा. त्याचं त्याला संपवू द्या.